बारा आले, बारा गेले

श्रीपाद: रिकामा कसा? निळा क्रेट. टेबलाखाली मी स्वतः ठेवला होता. बारा थर्मोस्टॅट होते त्यात.

निशिगंधा: काका, तीन आठवड्यांनी आलात, आधी पाणी तरी प्या. हर्नियाचं ऑपरेशन झालंय तुमचं आणि वाकताय काय असे?

श्रीपाद: पाणी नंतर. क्रेटमधला माल कोणी काढला?

निशिगंधा: लाइनवर नवे गिझर जोडायला लागला म्हणून मेघनाताई घेऊन गेल्या. स्टॉकमध्ये होता ना. इकडे स्क्रीनवर बघा. बारा आले, बारा गेले, शिल्लक शून्य. क्रेटपण रिकामा. परफेक्ट मॅच. तुम्ही नव्हता तरी एक नग इकडचा तिकडे नाही झालाय.

श्रीपाद: बारा आले ते कुठून आले? आपण खरेदी केली नव्हती.

निशिगंधा: अहो, अंबरनाथच्या हॉस्टेलमधून बारा गिझर परत आलेले ना? तुम्ही अॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी खोललेत ते. मग हॉस्पिटलमधून तुम्हीच फोन केलात, निशिगंधा, त्या बारांची डिसअसेम्ब्लीची एन्ट्री मारून टाक. मी मारली. बारा तयार गिझर कमी झाले आणि टाकी, कॉइल, बॉडी, थर्मोस्टॅट, सगळे बारा-बारा सुटे होऊन स्टॉकला परत आले. पार्टची लिस्ट त्यात आधीच असते, सॉफ्टवेअर आपोआप करतं.

श्रीपाद: सगळे परत आले.

निशिगंधा: हो. का?

श्रीपाद: ते गिझर परत का आले होते, विचारलंस कोणाला?

निशिगंधा: मला कोण सांगतं काका? चलनवर नुसतं "परत माल" लिहिलेलं.

श्रीपाद: पाणी उकळत होतं त्यांच्यात. तापल्यावर वीज तोडायची, एवढंच थर्मोस्टॅटचं काम, आणि ते तोडतच नव्हते. बारातले बाराही. ती बॅचच खराब होती. टाक्या चांगल्या, कॉइली चांगल्या. थर्मोस्टॅट तेवढे भंगारात जायचे होते. ते वेगळे काढून मी त्या क्रेटमध्ये ठेवले होते.

निशिगंधा: थांबा. थांबा हं काका. म्हणजे मी जे बारा...

श्रीपाद: एन्ट्री मारताना त्या ओळीत बाराच्या जागी शून्य टाकायचं होतं.

निशिगंधा: मग टेस्टिंगला कसे पास झाले? प्रत्येक पीस लावून बघतात ना?

श्रीपाद: दहा मिनिटं बघतात. हे पहिले काही दिवस नीट तोडतात. पंधरवडाभर तापून-थंड होऊन झालं की आतली पट्टी चिकटते. म्हणून तर हॉस्टेलवाल्यांनाही महिन्याने कळलं.

निशिगंधा: देवा. फुटतात का हो ते?

श्रीपाद: नाही, टाकी फुटणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पण नळाला उकळतं पाणी येईल. वाफेसकट.

निशिगंधा: काका, मी एक तारखेला परमनंट झालीय. पत्र अजून पर्समध्येच आहे.

श्रीपाद: आधी ते बारा कुठे गेले ते काढ.

निशिगंधा: ऐका ना. मी ती एन्ट्री एडिट करू शकते. जुन्याच तारखेला. थर्मोस्टॅट शून्य, बारा नग स्क्रॅप. सेव्ह. दोन मिनिटांचं काम. कोणाला कळणारपण नाही.

श्रीपाद: आणि मग मेघनाने बसवले ते बारा कुठले दाखवशील?

निशिगंधा: स्टॉक मायनसमध्ये जाईल. नाहीतर तीपण एन्ट्री बदलते. दुसरी बॅच टाकते.

श्रीपाद: टाक. मग तुझी चूकही गेली आणि ते गिझरही गेले. कुठल्या नंबरच्या गिझरात कुठली बॅच बसली, ते आज जगात फक्त तुझ्या त्या दोन एन्ट्र्यांना माहीत आहे. मेघनाला नाही, मला नाही.

निशिगंधा: माझं नाव आहे हो त्यांच्यावर. "एन्टर्ड बाय निशिगंधा." वेळेसकट.

श्रीपाद: माहीत आहे.

निशिगंधा: तुम्हाला काय, दोन वर्षांनी रिटायर होणार.

श्रीपाद: माझं नाव कुठेच नाही म्हणून तुला तसं वाटतंय. क्रेटवर लाल चिठ्ठी लावायची असते. अठ्ठावीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलो, खराब मालाला चिठ्ठी लावा. आणि त्या दिवशी मी लावली नाही. म्हटलं, मला ठाऊक आहे, आणखी कोणाला कशाला हवंय? चिठ्ठी असती तर मेघनाने हात लावला नसता. हे शेठना मी सांगणार आहे. तू नंबर काढ.

निशिगंधा: काढते... थांबा. असेम्ब्ली, सहा तारीख, बारा नग. सिरीयल नंबर चारशे एकतीस ते चारशे बेचाळीस. चार आपल्याच गोदामात आहेत. सहा खोपटच्या डीलरकडे गेले, परवाच.

श्रीपाद: म्हणजे अजून दुकानातच असतील. दहा झाले. आणि दोन?

निशिगंधा: दोन इथून काउंटरवरून विकलेत. सात तारखेला. एक कल्याणला, एक कोपरला.

श्रीपाद: आज पंचवीस.

निशिगंधा: अठरा दिवस झाले काका.

काळुराम: काय झाला? दोगं अशी तोंडा पारून कनाला बसलेत? श्रीपाद, तू कवा आलास? आराम कर बोल्लो होतो ना तुला?

श्रीपाद: शेठ, बसा जरा. हॉस्टेलचे ते खराब थर्मोस्टॅट चुकून नव्या गिझरांत बसले. बारा नग. क्रेटला मी चिठ्ठी लावली नव्हती.

निशिगंधा: आणि एन्ट्री मी चुकवली, शेठ. मी ते चांगल्या मालात परत घेतले.

काळुराम: बारा? बाराच्या बारा बाहेर गेले?

श्रीपाद: चार गोदामात, सहा खोपटला, दोन घरांमध्ये.

काळुराम: दोगांनी मिलून माझा नाव घालवला. बापाची शेती गेली, या गाल्यावर एवरा उभा केला मी. मानपाड्यात इचार कोनालाबी, काळुरामचा गिझर परत येतो का म्हनून.

निशिगंधा: सॉरी शेठ.

काळुराम: सॉरी ठेव तुझी. खोपटवाल्याला फोन लाव, बोल एक बी नग विकू नको, टेम्पो पाठवतो. गोदामातले चार आताच्या आता खोल. आनि ते दोन... ते सोमवारी बघू. सर्विसच्या नावाखाली मानूस पाठवू, गुपचूप पार्ट बदलून येल.

निशिगंधा: सोमवारी? मध्ये आज आणि उद्या आहे, शेठ.

काळुराम: मंग? आज शनवार. मेकॅनिक शिर्डीला गेलाय.

निशिगंधा: उद्या रविवार. घरातले सगळे आरामात अंघोळ करणार. गिझर तासभर चालू राहील.

काळुराम: तू मना शिकवतंस?

श्रीपाद: ती बरोबर बोलतेय. आत्ता फोन करून एवढंच सांगू, की स्विच बंद ठेवा.

काळुराम: आनि कनाला बंद ठेवू इचारला तर? आमी खराब माल इकला बोलनार? उद्या मोबाइलवर गावभर फिरल.

निशिगंधा: तुमच्या घरी तोच गिझर असता तर?

श्रीपाद: निशिगंधा, पुरे.

काळुराम: नाय, बोलू दे तिला. लाव फोन. पन सर्विस बोल. फ्री सर्विस. चूक हा शब्द नको तोंडातून. कललं?

निशिगंधा: कळलं.

श्रीपाद: कल्याणचा आधी लाव.

निशिगंधा: रिंग जातेय... हॅलो? सर, गिझर घेतलेलात ना आमच्याकडून, मानपाड्याहून बोलतेय... हो... अच्छा... अजून खोक्यातच? टाइल्सचं काम चालू आहे? नको नको, बसवूच नका. आमचा माणूस येऊन नवीन पीस देईल. हो सर, फ्री. थँक्यू सर. काका, बसवलाच नाहीये त्यांनी!

श्रीपाद: एक सुटला. आता कोपर.

निशिगंधा: हर्षित घाग. वाजतोय... वाजतोय... नाही उचलत. परत लावते.

काळुराम: झोपला असंल दुपारचा.

निशिगंधा: आता स्विच ऑफ लागतोय.

श्रीपाद: वॉरंटी कार्डावर दुसरा नंबर नाही?

निशिगंधा: नाही. पत्ता आहे पूर्ण. कोपर स्टेशनच्या जवळच. आणि काका, इकडे बघा. मागच्या बाजूला मीच लिहिलेलं आहे. "घरात लहान बाळ, लवकर डिलिव्हरी." आठवलं मला. खूप खुशीत होते ते. बोलले, सहा महिन्यांची मुलगी आहे, आई पातेल्यात पाणी तापवून तापवून दमली.

श्रीपाद: मी जातो.

निशिगंधा: टाके आहेत तुम्हाला. रिक्षात एक खड्डा लागला की झालं. मी जाते.

काळुराम: पोरी, थांब. रिक्षाचं पैशे घे. आनि ध्यानात ठेव, काय बोल्लो मी.

निशिगंधा: ठेवते, शेठ.

(कोपर. दुसरा मजला. दार उघडतं, पण साखळीपुरतंच.)

गंगुबाई: कोण गो तू?

निशिगंधा: आजी, हर्षित घाग इथेच राहतात ना? मी गिझरच्या कंपनीतून आलेय. मानपाड्याहून.

गंगुबाई: मी त्याची आई, गंगुबाई. तो नाही घरी. सूनपण नाही, कामाला गेली. अनोळखी कोणाला आत घेऊ नको म्हणून सांगून ठेवलंय मला.

निशिगंधा: नका घेऊ. मी इथूनच बोलते. गिझर चालू आहे का आत्ता?

गंगुबाई: नाही बाय. मुलाने बटणावर टेप चिकटवून ठेवलीय. मी हात लावू नये म्हणून.

निशिगंधा: तुम्ही का नाही लावायचा?

गंगुबाई: ती दोघंच लावतात. सकाळी पाच मिनिटं, की बंद. ते तुमचं मशीन मला कळत नाही गो. आमच्या गावाला चूल होती.

निशिगंधा: आजी, हाताला काय झालं? पट्टी कसली?

गंगुबाई: काही नाही. जरा भाजलं.

निशिगंधा: कधी? प्लीज सांगा ना.

गंगुबाई: आज चार दिवस झाले. नातीला अंघोळ घालायची होती. गिझर लावला, तर ती झोपली. म्हटलं, उठू दे, झोपलेल्या पोराला कशाला पाण्यात घाला? अर्धा तास गेला असेल. मग तिला डाव्या हातावर घेतली नि पाणी बघायला उजवा हात नळाखाली धरला. फस्‌कन वाफ आली. कातडं निघालं इथपर्यंत.

निशिगंधा: आणि बाळ?

गंगुबाई: सान्वीला थेंब लागू दिला नाही मी. पाठ फिरवली ना. पण ती किंचाळली केवढ्याने, शेजारी धावले.

निशिगंधा: ती बरी आहे ना? कुठे आहे आता?

गंगुबाई: बरी आहे. पाळणाघरात ठेवतात आता. रुचिता, सून माझी, वाईट नाही हो. घाबरली ती. म्हणाली, आई, तुम्ही अर्धा तास चालू ठेवलात, जीव गेला असता पोरीचा. खरंच आहे ते. मीच विसरले बंद करायला. वय झालं. पाच पोरांना न्हाऊ घातलं मी या हातांनी, आणि हिच्याच वेळी...

निशिगंधा: आजी, मी सर्विससाठी आलेय. म्हणजे, तो पीस आम्ही बदलून देणार आहोत. फ्री...

गंगुबाई: कशाला बदलता? चांगला आहे तो. दोघं रोज वापरतात. माझंच चुकलं.

निशिगंधा: नाही.

गंगुबाई: काय नाही?

निशिगंधा: तुमचं नाही चुकलं. अर्धा तास काय, दिवसभर चालू ठेवलात तरी त्याने स्वतःच बंद व्हायला पाहिजे. त्यासाठी एक पार्ट असतो आत. तो खराब होता. आधीच्या एका गिझरमधून काढलेला, भंगारात जायचा होता. मी कॉम्प्युटरवर तो चांगल्यात टाकला. मी कधी बघितलंच नाही काय परत आलंय ते, नुसतं सेव्ह केलं. मग तो तुमच्या गिझरमध्ये बसला. तुम्ही विसरला नाहीत, आजी. ती माझी चूक आहे.

गंगुबाई: तुझी?

निशिगंधा: माझी. नाव निशिगंधा. तिथे लिहिलेलं आहे.

गंगुबाई: म्हणजे मी अर्धा तास ठेवला, त्याने काही झालं नाही?

निशिगंधा: काही नाही. त्यांनी पाच मिनिटांत बंद केला म्हणून त्यांना कळलं नाही. एक दिवस विसरले असते, तर त्यांचाही हात भाजला असता. तुम्हाला आधी कळलं, एवढंच.

गंगुबाई: चार दिवस मी झोपले नाही गो. म्हटलं, हळूहळू सगळंच विसरायला होईल आता. डोळे मिटले की तिची किंकाळी.

निशिगंधा: रडू नका ना आजी. तुम्ही ओरडा मला. खरंच ओरडा.

गंगुबाई: ओरडून काय करू? तुझ्याच डोळ्यांत पाणी आहे. ऐक, हे मी रुचिताला सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी आपलं झाकते. तू सांगशील? मला सांगितलंस तसंच?

निशिगंधा: सांगते. दोघांनाही सांगते.

गंगुबाई: पोरीला घेऊन यायला सहा वाजतात तिला. आत्ता चार. तुझी नोकरी-बिकरी?

निशिगंधा: फोन करून सांगते त्यांना. थांबते मी.

गंगुबाई: सरक जरा, साखळी काढते. ये आत. चहा ठेवते. गॅसला हात लावू देतात अजून मला.