पुस्तकासोबतची कॅसेट

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी येईना. देविकाच्या मागच्या बाकावर चित्रकार सर्वेश आणि ओव्या गोळा करणारी लुंबिनी हुज्जत घालत होते.

"तुझ्या ओव्या, माझी चित्रं, संगं कॅसेट. आता छापायला काय अडलं?"

"काल ओव्या गाणाऱ्या सुमनबाईला कॅसेट ऐकवली."

"आवाज कसा स्वच्छ आलाय! मागची घरघर, किणकिण सगळी काढून टाकली मी."

"ती म्हणली, माझी सून कुठं हाय?"

"सून गायलीच नव्हती की."

"समोर बसून जातं ओढत होती. तिच्याच बांगड्या त्या. भूकंपात गेली ती."

गाडी लागली. देविका उठली नाही.

"सर्वेश, मूळ कॅसेट आण," लुंबिनी म्हणाली.

"तिच्यावर धाकट्या भावानं क्लासचं फिजिक्स भरलंय."