फेलिक्सचा पॉवर सप्लाय

बसा, बसा. मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या आहेत. लीना वहिनी, गावठाणातले सगळे, आमच्या सोसायटीतले मित्र. मला बोलायला सांगितलंय खरं, पण माझं रोजचं बोलणं ज्याच्याशी व्हायचं तोच रविवारी गेला. अडखळलो तर सांभाळून घ्या.

फेलिक्सला तुम्ही ओळखता. अर्ध्या बोरीवलीतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड त्याने दुरुस्त केले. लग्नात स्वतः वाजवायचा, तेही दुसऱ्याच्याच कीबोर्डवर. दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला, "शिरीष, आयुष्यभर लोकांचे आवाज नीट करून दिले रे. आता एक आपला करू या." म्हणजे सिंथेसायझर घरी बनवायचा, पहिल्या तारेपासून. मी कॉलेजच्या लॅबमधून रिटायर झालेलो. मला उद्योगच हवा होता.

आवाजाचे बोर्ड वर्षभरात झाले. अडलं ते पॉवर सप्लायवर. मी म्हटलं, तयार मिळतो, हलका, मोबाइलच्या चार्जरसारखा. आणू आणि लावू. फेलिक्स म्हणाला, "नको. तो बारीक किरकिर करतो, ती आवाजात उतरते. आपण चांगला जड ट्रान्सफॉर्मर घेऊ." मी म्हटलं, अरे, कोणाला ऐकू येणार आहे ती किरकिर? तो म्हणाला, "मला."

संपलं. त्या एका शब्दापायी आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घातला. प्रत्येक दुकानात हा सांगायचा, जरा चालू करून दाखवा. आणि भर दुकानात ट्रान्सफॉर्मरला कान लावायचा. दुकानदार माझ्याकडे बघायचे. मी रस्त्याकडे बघायचो.

मग जोडणी. या वाद्याला अधिक बारा व्होल्ट लागतात, उणे बारा लागतात, आणि मध्ये शून्य. दोन्ही बाजूंना व्होल्टेज स्थिर ठेवणारा तीन पायांचा एकेक पार्ट असतो. दिसायला दोघं सारखे, पण पायांचा क्रम वेगळा. लॅबमध्ये मी पोरांना वर्षानुवर्षं हेच बजावत आलो. आणि फेलिक्सच्या टेबलावर मी स्वतः दोन्ही सारखेच जोडले.

फेलिक्सची एक पद्धत होती. नवीन वस्तू कधी थेट प्लगला लावायची नाही. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी घोळ आहे. त्या दिवशी बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. त्याने बटण बंद केलं. बल्बकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "सर, तुम्ही शिकवायचात ना?"

एवढंच. पण त्या आठवड्याच्या रविवारी चर्चमधली मिसा सुटेपर्यंत सगळ्या गावठाणाला कळलं होतं. आत्ता जे हसताय, त्यांना त्यानेच सांगितलंय.

हसा. त्याला चाललं असतं.

मला मात्र करमत नाही हो. चार वाजले की पाय त्याच्या गल्लीकडे वळतात. परवा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. कोणीतरी माझी चूक काढावी, असं वाटतं. त्यानेच काढावी, असं वाटतं.

गेल्या शनिवारी सप्लाय पुरा झाला. प्रत्येक वेळी म्हणायचा तसंच म्हणाला, "पंखा बंद कर, शिरीष." मी पंखा बंद केला. त्याने कान लावला. "हमिंग ऐकू येतंय?" मी म्हटलं, नाही. म्हणाला, "मग झालं. चांगला सप्लाय ऐकू येत नाही."

मी म्हटलं, चल, आजच बोर्ड जोडू. म्हणाला, "घाई कसली? उद्या दिवसभर रिकामा चालू दे. सोमवारी जोडू."

रविवारी सकाळी तो गेला.

मी शनिवारी हट्ट का धरला नाही? एरवी शंभर गोष्टींवर भांडलो आम्ही. त्या एका दिवशी मी शहाण्यासारखं ऐकलं. भांडलो असतो तर त्याने आपल्या वाद्याचा एक सूर तरी ऐकला असता. हे मला खातंय. कोणाशी बोलू? त्याच्याशीच बोलायचो.

काल वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "शिरीष भाऊ, तो सप्लाय अजून चालूच आहे. बंद करायला माझा हात जात नाही." फेलिक्सने एक दिवस सांगितला होता, तो चार दिवस चालला. मी हात लावून बघितला. नुसता कोमट. मग वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जोडा. त्याचं वाद्य मुकं ठेवू नका."

आज सकाळी जोडलं. बल्ब मध्ये लावूनच. बल्ब पेटला आणि विझला. कोणी काही म्हणालं नाही.

ते वाद्य या टेबलावर आहे. स्पीकर लावलाय. वाजवलेलं नाही. आधी त्याची रीत पाळू. आपण दोन मिनिटं उभे राहू आणि नुसतं ऐकू. काहीच ऐकू आलं नाही, तर त्याचं काम चोख झालं असं समजा. त्यानंतर पहिली पट्टी लीना वहिनी दाबतील.

बटणाजवळ जे आहेत त्यांनी हॉलचे पंखे बंद करा.

फेलिक्स, पंखा बंद केलाय रे. ऐक.