बुटाच्या खोक्यातली गव्हाणी

...नाही, बर्फच का, एवढंच मी विचारलं, त्यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा. आमच्याकडे नाताळ येतो ऐन उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस डिग्री, माशांनी जीव नकोसा केलेला, आमच्या गावात कुणी जन्मात बर्फ पाहिलेला नाही, पण गव्हाणीच्या छपरावर तो पडलाच पाहिजे. आमची बायको, मर्ल, म्हणाली, "क्लॅरी, दर वर्षी पडतो. तू फक्त कापूस चिकटव." म्हणजे तोंड तिचं, हात माझे.

तुम्हाला सांगतो, हे माझं कामच नव्हे. गावच्या हॉलमध्ये नाताळची गाणी होतात ना, त्या संध्याकाळी दाराजवळच्या टेबलावर मर्लची गव्हाणी असते, म्हणजे येशूजन्माचा देखावा हो. बुटाच्या खोक्याचा गोठा, आइस्क्रीमच्या काड्यांचं छप्पर, कपड्यांच्या लाकडी चिमट्यांची माणसं आणि काडेपेटीत बाळ. पण मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि दवाखाना सोडला तर ही बाई फाटकाबाहेर म्हणून पडली नाही. शेजारची ग्लेनिस यायची, "चल गं, निदान चहाला तरी." ही म्हणायची, "कशाला? मला बघायला जमतील सगळे." आणि नोव्हेंबरात एकदम म्हणते कशी, "गव्हाणी मांडली तर येईन मी गाण्यांना. लोक तिच्याकडे बघतील, माझ्याकडे नाही." आता यावर नवऱ्याने काय करावं? गव्हाची कापणी भाच्यावर सोपवली आणि बसलो स्वयंपाकघरात चिमटे घेऊन.

आणि सूचना तरी किती हो! "मरियेच्या डोक्यावरचं फडकं सरळ कर." "हे गाढव आहे की कांगारू?" मेंढ्यांवरून तर भांडणच. अहो, जन्म गेला माझा मेंढ्यांत, मी खरी लोकर लावली, पाठ नीट, पाय नीट, तर म्हणते, "क्लॅरी, यांना बाजारात न्यायचं नाहीये. कापूस लाव." लावला बाबा. तोंड तिचं, हात माझे.

झालं एकदाचं. गाण्यांच्या दिवशी दुपारी खोकं गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं नि हॉलवर मांडायला निघालो. वाटेत गव्हाच्या कोठारापाशी अर्न भेटला, आमच्या बांधाला बांध असलेला. म्हणाला, "काय रे, दाण्यात ओल किती निघाली?" आता ऐन कापणीत असं विचारल्यावर कुठला शेतकरी गाडीतून उतरणार नाही? उतरलो. धूळ बसायला नको म्हणून काचा घट्ट लावल्या, अगदी आठवणीने... शहाणपणा केला हो!

परत येऊन दार उघडलं तर... काय सांगू. तो बंदुकीतून गरम गरम येणारा गोंद असतो ना, त्यानेच सगळं चिकटवलेलं, तो उन्हाने पुन्हा वितळला. छप्पर बसलेलं, मरिया आडवी, बाळाला भेटायला आलेले तिघे राजे एकमेकांच्या अंगावर, मेंढ्या पाय वर करून पडलेल्या. मी गाडीच्या सावलीत खालीच बसलो. खरं सांगतो, रडूच आलं. खोक्याचं नाही हो. ती आता येणार नाही, त्याचं.

घरी आलो तर ती निळा झगा घालून ओसरीवर तयार, ग्लेनिसने केस विंचरून दिलेले. खोकं तिच्या मांडीवर ठेवलं, म्हटलं, "मर्ल, वाट लावली मी." तिने आत डोकावून पाहिलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. तर हसत होती! मार्चनंतर पहिल्यांदा. म्हणाली, "अरे, हा तर आपल्याकडचा नाताळ. जेवले आणि उकाड्याने आडवे झाले सगळे." मग डाव्या हाताचं बोट कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "हा कसा राहिला रे?"

योसेफ उभा होता, मरियेचा नवरा. सगळ्यात आधी तोच केलेला, तेव्हा गोंदाची बंदूक सापडेना म्हणून मी त्याला खालून सरळ खिळा ठोकला होता.

"बायको आडवी, जनावरं आडवी, छप्पर डोक्यावर आलंय," मर्ल म्हणाली, "आणि हा आपला उभा. गुणाचा आहे हो." डोळे पुसले तिने. "असंच ने. काही हलवू नकोस. आणि माझी काठी दे."

आली हो. टेबलापाशी खुर्ची टाकून संध्याकाळभर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "तो उभा आहे ना, त्याला बघा. असा माणूस मिळायला भाग्य लागतं." मी मागेच होतो, तिची पर्स धरून. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या बाईने पहिल्यांदा तोंड भरून कौतुक केलं, आणि केलं कुणाचं? चिमट्याचं. असो... चालायचंच.