मिठाच्या पाण्याचे उंदीर

...नाही, मला एवढंच सांगा, मुक्या जनावराची पाठ खाजवणं हा काय गुन्हा आहे? आमची ही प्रयोगशाळेत उंदरांवर पीएच.डी. करते. तुम्हाला सांगतो, ऑक्सिटोसिन नावाचं एक संप्रेरक आहे, आई बाळाला पाजते ना, तेव्हा सुटतं ते. ते निम्म्या उंदरांना टोचायचं आणि बघायचं, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन किती तयार होतं, किती मोडतं. आणि उरलेल्या निम्म्यांना? नुसतं मिठाचं पाणी. मी म्हटलं, "अगं, त्यांनी काय घोडं मारलंय?" तर म्हणते, "अहो, तुलनेला कुणीतरी नको का, ज्याच्यात काहीच बदल होणार नाही?"

आणि नेमका हिला ताप आला. टोचायला हिची मैत्रीण होती, दाणापाणी आलं माझ्या गळ्यात. एका रांगेतल्या पिंजऱ्यांवर लिहिलेलं, 'मीठ'. अहो, सुई खायची ती खायची, वर मिळायचं काय, तर मीठ? मग घेतला एकेकाला मांडीवर, खाजवली पाठ, तर असे डोळे मिटून पडायचे की उठवावंसं वाटेना. आता हा काय गुन्हा आहे?

निकाल आला आणि ही खुर्चीत बसलीच. संप्रेरकवाले आणि मीठवाले, दोघांचं डोपामिन सारखंच. वर्षाची मेहनत पाण्यात... म्हणजे मिठाच्या पाण्यात.

"अहो, खरं सांगा, काय केलंत?"

"काही नाही गं, जरा पाठ..."

हिने कपाळावर हात मारला. "गोंजारलं की तेच संप्रेरक त्यांच्या अंगात आपोआप सुटतं. मी सुईने घातलं, तुम्ही नखाने घातलंत." आणि रडायलाच लागली. मलाही फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, एकीकडे मी आपली नखं बघतोय... ह्यांच्यात एवढं औषध?

हिचे सर आले. म्हटलं, आता आपली काही धडगत नाही. ते चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, "नेमकं कसं खाजवलंत? मानेकडून शेपटीकडे, की उलटं?"

झालं. प्रयोग पहिल्यापासून, पदवी आणखी वर्षभर लांबली, आणि उंदरांचा तिसरा गट पडला, 'खाजवलेले'. रोज सकाळी पांढरा कोट घालून मीच बसतो, मानेकडून शेपटीकडे.

काल घरी हिच्याकडे पाठ करून बसलो. म्हटलं, "जरा खाजव, बघू माझ्यात काय तयार होतं, काय मोडतं."

ही वाचतावाचताच म्हणाली, "तुम्हाला हात लावायचा नाही. तुलनेला कुणीतरी हवं ना, ज्याच्यात काहीच बदल होणार नाही."

उठलो, आणि पाठ घेतली दाराच्या चौकटीवर घासून.