मुखपृष्ठावरच्या मुलीने बोलायचं नसतं

—नको बोलूस ना, माझी कुठे हरकत आहे? मुखपृष्ठावरच्या मुलीने बोलायचंच नसतं, कर्स्टी. तिने फक्त बघायचं — सरळ कॅमेऱ्यात, वाचकाच्या डोळ्यात डोळे घालून — अ‍ॅकरॉइड सरांनी फळ्यावर लिहून दिलंय, त्याचे वेगळे मार्क आहेत. म्हणजे तुझा अबोला माझ्या पथ्यावरच पडला म्हणायचा. आठ दिवस झाले ना? नऊ? मान हलवलीस, म्हणजे नऊ. आता मान हलवू नकोस. चढ त्या मशीनवर — ते नको गं, ते तापलंय, ट्रिश मावशीने आत्ताच त्यातून टॉवेल काढलेत — डावीकडच्या. हां. बुधवारी दुपारनंतर मावशीची लाँड्री बंद, म्हणून पाच वाजेपर्यंत सगळी मशीनं आपली. आणि माझ्याकडे अशी काय बघतेस? थंडी आहे म्हणून कोटाची बटणं लावलीत. कॅमेऱ्याकडे बघ.

लाँड्रीच का, असं तू विचारलं असतंस, बोलत असतीस तर. तर सांगते. या प्रकल्पासाठी आपल्या वर्गात गाण्यांची बावीस मासिकं निघतायत, आणि एकोणीस मुखपृष्ठांवर विटांची भिंत. तीच भिंत, चिप्सच्या दुकानामागची! शनिवारी तिथे अक्षरशः रांग होती — एका बँडने यायचं, तोंड वाकडं करून भिंतीला टेकायचं, फोटो झाला की बाजूला व्हायचं, मग पुढचा बँड. गिटार सगळ्यांत मिळून एकच. तुझ्या मुखपृष्ठासाठी, अबोल्याच्या आधी, मीही अर्धा तास टेकले होते तिथे, पाठीला चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास आठवडाभर होता — त्याची परतफेड करायला आलीस ना? का असेना. आलीस. येशील असं वाटलं नव्हतं मला. तर माझ्या 'लाऊड'च्या मुखपृष्ठावर ही गोल दारं, चकचकीत, आणि मधोमध तू. डोकं जरा वर, म्हणजे नावातल्या दोन अक्षरांवर येईल. नाव झाकलं तरी चालतं, सर म्हणतात, मोठ्या मासिकांचं नाव वाचक अर्ध्यावरून ओळखतात. माझं मासिक अजून जन्माला यायचंय, ते सोड.

नाव 'लाऊड'च का? तर तीस विद्यार्थ्यांच्या पाहणीत चोवीस जणांनी ते निवडलं. हो, तीस. वय तेरा ते एकोणीस. हसलीस का तू? नाही? मला वाटलं ओठ हलला. बरं बाई, तीसही फॉर्म मीच भरले, चार वेगवेगळ्या पेनांनी, काही डाव्या हाताने. चौदा वर्षांच्या एका मुलीने तर 'मासिकात काय हवं' याखाली 'देखणे ढोलवादक' असं तीनदा लिहिलंय, मला तिचा फार लळा लागलाय. आणि बारकोड आहे ना, तो कस्टर्ड क्रीम बिस्किटांच्या पुड्यावरचा. कुणी दुकानात 'लाऊड' विकत घ्यायला गेलंच तर यंत्रावर बिस्किटं उमटतील. सरांना सांगू नकोस — अर्थात तू कुणालाच काही सांगत नाहीस. तू कधीच नाही सांगत.

हा पुठ्ठा धर मांडीवर. चांदीचा कागद मीच चिकटवलाय, टर्की भाजायचा — उजेड हनुवटीखाली यायला हवा. थोडा खाली. माझ्या भावाला, डॅनीला, विग घालून बसवून बघितलं होतं मी, खरंच. पण आतल्या पानांवर सगळीकडे तूच आहेस, आणि इंटरनेटवरचा फोटो लावला तर शून्य, आणि शुक्रवारी बाड द्यायचंय. म्हणून तुझ्या आईकडे निरोप ठेवला. फक्त म्हणून. म्हणजे — फक्त म्हणून नाही. तू पुठ्ठा धर गं नीट.

ती मुलाखत. बोलूया का तिच्यावर? म्हणजे मी बोलते. मधल्या दोन पानांना मुलाखत लागते, आणि माझी गायिका तर काल्पनिक, रूबी व्हेल नावाची, तिला कुठे काय सांगायचं असणार? पहिल्या मसुद्यात ती पिझ्झाबद्दल बोलत होती. सर म्हणाले, हेली, हिच्यात जीव नाही. मग मी — घातला. जीव घातला तिच्यात. तिने वडिलांना अ‍ॅबर्डीनला स्वतःची तीन गाणी पाठवली आणि त्यांनी साधं 'मिळाली' एवढंसुद्धा कळवलं नाही, हे तू फक्त मला सांगितलेलं घातलं. मला वाटलं, नाव बदललंय, कुणाला कळतंय? आणि कळलं नसतंच! सरांनी मोठ्याने वाचलं, अख्खा वर्ग पुढे झुकून ऐकत होता, मॅडी तर डोळे पुसत होती, आणि मला इतकं भारी वाटलं ना कर्स्टी, माझं लिहिलेलं कुणी तसं कधी ऐकलं नव्हतं — आणि मी वळून तुझ्याकडे बघितलं.

मी बघितलं म्हणून सगळ्यांनी बघितलं.

तुला वाटतंय मी कुणाला तरी सांगितलं असणार. नाही गं. एक अक्षर नाही. मी फक्त मान वळवली. आवडलं का, एवढंच बघायचं होतं मला — किती मूर्ख असावं माणसाने! आणि तू दप्तर तिथेच टाकून निघून गेलीस. हे मी आज सांगणार नव्हते. आज फक्त फोटो काढायचा होता.

बरं, हे घे. नवीन दोन पानं. ती मुलाखत फाडली, संगणकावरूनही गेली, सरांकडची प्रत मागून आणली. वाच. पुठ्ठा राहू दे, वाच तू.

कुठपर्यंत आलीस? आकाशपाळण्यापर्यंत? हो, ब्लॅकपूलचाच. हो, नववीची सहल. 'रूबी व्हेल सांगते, की पाळणा टोकावर जाऊन अडकला तेव्हा तिच्या मांडीवर सांडलं ते ऑरेंज सरबत नव्हतंच.' हसायचं तर हस. वर्गातले बावीसच्या बावीस जण त्या सहलीत होते, सगळ्यांना ते ऑरेंज आठवतंय, आणि सर शुक्रवारी पुन्हा मोठ्यानेच वाचणार. लोअर सिक्स्थच्या अख्ख्या वर्गात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. राहू दे. तू स्वतःचं कार्डिगन काढून माझ्या कमरेला बांधलंस आणि पाळणा चालवणाऱ्या माणसाला म्हणालीस, माझा धक्का लागून हिच्या अंगावर ऑरेंज सांडलं — तेसुद्धा लिहिलंय, शेवटच्या परिच्छेदात. तीन वर्षं तू कुणाला बोलली नाहीस. मला तीन आठवडे जमलं नाही. आता बघू दे सगळ्यांना माझ्याकडे. तू पण बघ, हवं तर सगळ्यांत आधी.

काय गं? पेन कशाला? काही खोडू नकोस हं, कर्स्टी, मी ठरवलंय, मला दया नको — अगं, ही एकच प्रत छापलीये! काय लिहितेस? इकडे दे.

'कार्डिगन अजून परत मिळालेलं नाही.'

ते — हो. हिरवं. तेच आहे. कोटाच्या आत आहे. आज द्यायलाच आणलं होतं, पण पिशवीतून काढून हातात देताना काय बोलायचं ते सुचेना, म्हणून अंगातच घातलं. आता माझ्यावर दात काढू नकोस, रूबी व्हेल कधी हसत नाही, ती दुःखी आहे, मी मजकुरात तसं — थांब, तशीच थांब. पुठ्ठा वर. अजून हस.

झाला. मिळाला फोटो. घे तुझं कार्डिगन, धुतलेलं आहे, आणि जा आता, नाहीतर मी इथेच रडेन आणि मावशीला वाटेल मशीन गळतंय.