दारातला बसथांबा

समजलं गं, समजलं मला, दोनदा सांगितलंस. कायदा बदलला. शाळा, चर्च, बाग, पोहायचा तलाव — ह्यांच्यापासून शिक्षा भोगून सुटलेल्या तसल्या माणसानं हजार फूट लांब राहायचं, ते तसंच राहिलं. पण शाळेच्या बसचा थांबा त्या यादीतनं काढून टाकला, ह्या एक तारखेपासून. आणि माझ्या घराजवळ तसं दुसरं काही नाही, एक तो थांबाच काय तो आड येत होता. म्हणजे आता माझा हार्लन इथं येऊन राहू शकतो, ह्या ट्रेलरमध्ये, ह्या पत्र्याच्या घरात, आपल्या आईपाशी. मी 'हो' म्हटलं की शेरीफच्या कचेरीत पत्ता नोंदवला आणि झालं. बरोबर ना? बघ — तिसरीपुढं शाळा नाही पाहिली मी, तंबाखूच्या शेतात गेले, पण कानावरनं एकदा गेलेलं माझ्याकडनं हलत नाही. बस ना, बस. शेंगा घे, मिठात उकडल्यात सकाळी, अजून कोमट आहेत. टरफलं त्या बादलीत टाक.

पण एक सांगते, रागावू नको हं — त्याला बरोबर घेऊन यायला नको होतंस. आधी विचारायचं तरी. तुम्ही वकिलांच्या कचेरीतली माणसं म्हणजे, एवढं शिकता न् — असू दे. त्याची टोपी दिसतीय मला इथनं, पिकानच्या झाडाखाली गाडी लावलीस ना तू, तिथं. हलत नाही टोपी. लहानपणी पण असाच, गाडीत बसवलं की दगड होऊन बसायचा, नाहीतर घरात नुसता वारा. नाही नाही, आत बोलवू नको. पाणी हवंय का त्याला, तर हा पेला नेऊन दे. दिलंस मघाशी? बरं. मग बसू दे. आपण बोलू. फक्त लवकर बोलू, बस यायची वेळ होत आली. पोरं ह्याच फाटकाशी उतरतात, आणि ती उतरतील तेव्हा तुझी गाडी तिथं नको मला.

चालतं, हो, माहीत आहे, आता कायद्यानं चालतं. मला नको.

त्या हजार फुटांची गंमत सांगू? हार्लन सुटला तेव्हा त्याला जुन्या कापूसगिरणीमागं एक खोली मिळत होती. मग तिकडं शेरीफचा डेप्युटी गेला मोजायला — ट्रुएट, मोठा पोटवाला, त्याचं नाक पुसलंय मी लहानपणी. काठीला चाक लावलेलं असतं, ते ढकलत चालतात, चाक फिरतं तसे फूट पडत जातात. खोलीपासून शाळेपर्यंत रस्त्यानं भरलं दीड मैल. ट्रुएट म्हणतो, नाही मिस ऑर्फा, कायद्यात रस्ता नाही, सरळ रेघ लिहिलीय. म्हटलं, अरे बाबा, सरळ रेघेत मधे दलदल आहे, तिथनं मगर जाईल, पोरं कशाला जातील? तर म्हणे, रेघ ती रेघ. म्हटलं, मग जा, चाक घेऊन रेघेनं चालून दाखव! गेला बाई, खरंच गेला. माणूस आला परत, बुटं तिथंच राहिली. हसतेस ना? मी पण हसले तेव्हा. पण खोली गेली ती गेलीच. मग हायवेवरच्या मोटेलात राहिला, तिथं तसले पाचसहा जण एकत्र राहायचे. तर शेजारच्या टायरच्या दुकानात चर्च सुरू झालं. चर्चचं काय, गिटार आणि दहा खुर्च्या आणल्या की झालं चर्च. सगळेच्या सगळे बाहेर. मग लाकडाच्या वखारीमागचं रान, तंबू. तू पाहिलायस तंबू? आत गेलीस? मग तुला मी काय सांगायचं.

वाढदिवसाला लोक केक कापतात. माझा लेक वाढदिवसाला शेरीफच्या कचेरीत जाऊन बोटांचे ठसे देतो, फोटो काढून घेतो — दर वर्षी, मरेपर्यंत. मागच्या वादळात सगळ्या गावाला शाळेत आसरा दिला, कुत्र्यांना सुद्धा, त्यांच्यासाठी वेगळी खोली. ह्याला म्हणाले, शाळेत कसा येशील तू? तुरुंगात ये. गेला. एकदा सुटलेला माणूस, आपल्या पायानं तुरुंगात गेला, वारा जाईपर्यंत कोठडीत बसला. मला म्हणाला, मम्मा, तिथं छप्पर गळत नव्हतं गं. आता ह्यावर आईनं काय बोलायचं, सांग. त्याला साखर आहे, डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालीय ती भरत नाही. दात गेले पुढचे. मी दर शनिवारी जाते, मोझेल नेते मला तिच्या गाडीतनं — मोझेल म्हणजे बस चालवते ती, हीच आपली शाळेची बस. कोंबडी तळून नेते, वाटाण्याची उसळ, मक्याची पोळी. ताटाभोवती असा हात धरून खातो तो, कुणी ओढून नेईल म्हणून. आता कोण नेणार? रानात मीच एक म्हातारी. पण हात तसाच.

तर तू म्हणतेस ते पटत नाही असं समजू नको. छप्पर असलं, कुणी आपलं जवळ असलं, की माणूस पुन्हा वाकडं पाऊल टाकत नाही. खरं असेल ते, शिकलेल्यांनी मोजून पाहिलं असेल. आणि हा थांब्याचा नियम म्हणजे तर निव्वळ वेडेपणाच होता, मी पण म्हणते. थांबा काय, आज इथं आहे, उद्या तिथं. आमचाच बघ ना — पहिल्यांदा चौरस्त्यावर होता, इथनं चांगला पाऊण मैल लांब, तिथं पोरं नाल्याच्या काठाला उभी राहायची, चिखल, मोठमोठे ट्रक जायचे. म्हणून मी शाळेच्या कचेरीत गेले न् म्हटलं, माझ्या फाटकाशी आणा, माझा ओटा आहे, पाऊस आला तर पोरं ओट्यावर बसतील. मोझेल अजून कुरकुरते, ऑर्फा, तुझ्या हट्टापायी मला बस वळवायला —

काय? अशी काय बघतेस?

कधी म्हणजे — झाली की बरीच वर्षं. पावसाचं सांगितलं ना, पोरं भिजायची. चिखलात — शेंगा खा गं.

खोटं कशाला बोलू ह्या वयात. तो सुटायचा होता त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. झालं समाधान? तुरुंगातनं पत्र आलं होतं, मोझेलनं वाचून दाखवलं — अमुक दिवशी सोडणार, पत्ता म्हणून आईचं घर दिलंय, चालेल का ते आईनं कळवावं. आणि मोझेलच बोलता बोलता म्हणाली, तुझ्या दाराशी बसथांबा असता ना, तर त्याला येता आलं नसतं बघ. ती सहज बोलली. मी रात्रभर पडून राहिले. सकाळी चर्चचा झगा घातला, टोपी घातली, आणि गेले शाळेच्या कचेरीत. पोरं भिजतात म्हटलं. भिजतच होती, त्यात खोटं नव्हतं काही.

आणि हार्लन दर शनिवारी म्हणायचा, मम्मा, शाळेला सांग ना, थांबा परत चौरस्त्यावर न्यायला, तेवढाच तर आड येतोय. मी म्हणायचे, सांगितलं रे बाळा, ऐकत नाहीत. कायदाच मेला वाईट. आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवायचा. केस पांढरे झालेत त्याचे. मी थोपटायचे. तोंडानं कायद्याला शिव्या घालायच्या, हातानं थोपटायचं, आणि पोटात — पोटात म्हणायचं, राहा रे बाबा कायद्या, राहा तिथंच.

लिहू नको. ते पेन ठेव खाली. ठेव म्हणते ना!

तुला कागदांत दिसलं असेल काय झालं ते, कुणाशी झालं ते. नाव नसतं म्हणे, पोरीचं नाव झाकतात. मी झाकत नाही. लिनेट. माझ्या लेकीची लेक. नऊ वर्षांची होती. लेक कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला जायची, पोर माझ्यापाशी, आणि हार्लन इथंच राहायचा, त्या दारामागच्या खोलीत. तुमचा कायदा बाहेर रस्त्यात उभा राहून फूट मोजतो, शाळा किती लांब, बाग किती लांब. आणि घडलं ते कुठं? आत. ह्या पत्र्याच्या आत, त्या दारापासून ह्या चुलीपर्यंत. मोज ना आता, किती फूट भरतात. बाहेरचं पोर नव्हतं ते, त्याला 'मामा' म्हणणारं होतं. शाळेतल्या बाईंना पोरीनं सांगितलं, म्हणून कळलं. कोर्टात मला कुणी काही विचारलं नाही. त्यानं कबूल केलं, वकिलांनी आपसात ठरवलं, त्याला घेऊन गेले. सगळं दुसऱ्यांनी केलं. मी नुसती बाकावर, मांडीवर पर्स घेऊन.

लिनेट गेली मग शहरात आपल्या आईबरोबर. वर्षानुवर्षं माझ्या घरात पाऊल नाही. मी पण 'ये' म्हटलं नाही, कुठल्या तोंडानं म्हणू? आणि एक दिवस फोन आला. आजी, म्हणाली, मला मूल होणार आहे, मी परत येतेय गावी, मला तू लागशील. मग म्हणाली, आजी, तो तिथं येऊ शकतो का? मी म्हटलं, नाही गं, कायदा येऊ देत नाही, दारात बसथांबा आहे. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला, मला ऐकू आला इतक्या लांबनं. आली ती. तिची पर्ल आता पहिलीत आहे, ह्याच बसनं येते, ह्याच ओट्यावर दप्तर टाकते, आई कामावरनं येईपर्यंत माझ्यामागं शेपटीसारखी असते. आणि लिनेट न्यायला येते ना, तर अजून त्या दाराकडं पाठ करून बसत नाही. खुर्ची फिरवून घेते.

तिनं विचारलं, येऊ शकतो का. 'तू येऊ देशील का' असं नाही विचारलं तिनं. मला वाटतं, मुद्दामच नाही विचारलं. आणि देईन की नाही, ते मी पण सांगितलं नाही. दोघींनी मिळून त्या थांब्याच्या खांबाला टेकून दिवस काढले, आणि तो खांब तू आज उपटून आणलास, वर म्हणतेस, आनंदाची बातमी आहे मिस ऑर्फा.

असेल, बदलला असेल तो. मी आई आहे त्याची, मला तर बदललेलाच दिसतो. म्हणून तर माझ्या दिसण्यावर माझा विश्वास नाही. तेव्हा पण मला चांगलाच दिसत होता.

ऐक ना. तू शिकलेली आहेस, तुझं तो ऐकेल. तू जा आणि त्याला सांग, की — काहीतरी अडलंय म्हणावं. ही जागा भाड्याची आहे, मालक नाही म्हणतो म्हणावं. किंवा ते संडासाच्या टाकीचं, एका घरात इतकीच माणसं असं काहीतरी असतं ना? काढ ना एखादा नियम. एवढी जाडी पुस्तकं आहेत तुमच्याकडं, त्यात एका म्हातारीपुरता एक नियम सापडेना का तुला? बारीकसा चालेल. अगं वकील ना तू? मान काय हलवतेस! नसेल तर बनव. तो वाचून बघणार नाही, नुसतं 'कायदा' म्हटलं की तो मान खाली घालतो, सवय झालीय त्याला —

माझा भाऊ आहे तळ्याकाठी, त्याच्या शेताच्या कडेला एक जुना ट्रेलर पडून आहे. तिथं आसपास पोरंबाळं नाहीत, चर्च नाही, काही नाही, ट्रुएटला म्हणावं किती मोजायचं ते मोज. भावाशी मी बोलते, आज बोलते. हार्लनचा पाय मी बघेन, जेवण नेईन, बुधवारी पण नेईन, मरेपर्यंत नेईन. ते सगळं करते. पण ते नंतर. आधी हे सांगायला पाहिजे ना कुणीतरी, की दार — तू सांग ना गं. तुला काय, तू परकी, तुला तो विसरून जाईल.

नाही सांगणार. हं.

बरोबर आहे तुझं. पोरीच्या वयाची आहेस, पण बरोबर आहे.

तो आवाज ऐकलास? मोझेल चौरस्त्याला गिअर बदलते तो. आता वळेल. हात दे मला — नको, राहू दे, उठते मी. ती पायरी सांभाळ, हलते. तू माझ्या मागं थांब, मधे पडू नको, आणि मी काय बोलते त्याला मधेच साखर लावू नको. झालं की गाडी सुरू करायची आणि त्याला घेऊन जायचं, बस फाटकाशी यायच्या आधी. मागं बघायचं नाही.

हार्लन. उतरू नको, बाळा. बसल्या जागी ऐक. हे कायदा नाही सांगत, मी सांगतेय.