साठ रिकाम्या चौकटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक आदरणीय सर, विश्वस्त मंडळाच्या वतीने आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मेट्रन मॅडम, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती उर्वशी मुनेश्वर सिस्टर, त्यांच्या घरची मंडळी, आणि आपापली दुपारची पाळी कोणाच्या तरी गळ्यात टाकून इथे बसलेल्या माझ्या सर्व सिस्टर, ब्रदर, मावश्या आणि मामा, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी प्रेम आडे. अतिदक्षता विभागात कंत्राटी अधिपरिचारक आहे. मला बोलता येत नाही, म्हणून लिहून आणले आहे आणि तेच वाचणार आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या संगीता सिस्टरांनी चार मिनिटे दिली आहेत. घरी घड्याळ लावून वाचले तेव्हा नऊ झाली. त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सिस्टरांना दीपस्तंभ म्हटले, माउली म्हटले, सेवेची मूर्ती म्हटले. ते सगळे खरेच असेल. पण त्यांच्या हाताखाली तीन वर्षे काम केलेला माणूस म्हणून मला विचाराल, तर त्या मूर्ती वगैरे अजिबात नव्हत्या. मूर्ती एका जागी तरी उभी राहते. आठ खाटांच्या खोलीत या बाईंना बसलेले मी फक्त डबा खाताना पाहिले आहे, तेही रोज नाही.

मी इथे आलो तेव्हा मला काय येत होते? बारावी दुसऱ्या खेपेला काठावर सुटलो. डिप्लोमा केला, परिषदेची नोंदणी मिळाली, ते प्रमाणपत्र तांड्यावर घराघरांत दाखवून झाले. माझी याडी, म्हणजे आई, शेजारणीला सांगायची, "पोरगा दवाखान्यात लागला." शेजारीण विचारायची, "डाक्टर झाला का?" "नाई." "कंपाउंडर?" "नाई वं. सिस्टर झाला." मग दोघी इतक्या हसायच्या की मी घरामागे जाऊन उभा राहायचो. इथेही वेगळे नव्हते. रुग्णाचे नातेवाईक मला काम असले की डॉक्टरसाहेब म्हणायचे, राग आला की वॉर्डबॉय. अधिपरिचारक असा शब्द आहे हे कोणाला ठाऊकच नसते.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी मला खाटेच्या पायथ्याचा मोठा कागद दाखवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णाचा असा एक कागद असतो. दर तासाला पाच चौकटी भरायच्या: नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, ताप. सिस्टर म्हणाल्या, "पोरा, एकच गोष्ट ध्यानात ठेव. पाह्यलं तर लिहायचं. नाई पाह्यलं तर रिकामं सोडायचं."

मी विचारले, "रिकामं कसं सोडायचं, सिस्टर? रागवतील ना."

"रागवू दे. लाल पेनानं गोल कर, अन् खाली लिही तू तवा कोणापाशी होता ते."

आता यात राग येण्यासारखे काय आहे? आहे, मित्रांनो. कारण पाळीच्या शेवटी खुर्चीत बसून सगळ्या चौकटी एका दमात भरणे हा आपला धर्म आहे. तो इथलाच नाही, मी ऐकतो त्याप्रमाणे बऱ्याच ठिकाणचा आहे. कृत्रिम श्वासाच्या एका रुग्णाला एक परिचारिका असावी असे आम्हाला परीक्षेत लिहावे लागते. ते लिहिले की गुण मिळतात. मग नोकरी लागते आणि सहा रुग्णांना दोघे मिळतात. बाकीचे चार जण मग चौकटीत असतात.

सिस्टरांनी ते लाल गोल दोन वर्षे जमवले. प्रत्येक कागदाची प्रत काढून एका फाइलला लावली. कंटाळवाणे काम होते. आम्ही मागे चेष्टा करायचो, की बाई कुंकवाच्या टिकल्या जमवून राहिल्या. पण त्यांचा हिशेब साधा होता. आणखी चार परिचारिका हव्यात असे तोंडाने सांगून झाले, अर्ज देऊन झाले. आता माणूस कुठे कमी पडले ते तासासकट दाखवायचे.

आता मी जरा पाणी पितो. क्षमस्व.

यंदा जानेवारीत, चौदा तारखेला, दुपारच्या पाळीत सिस्टर आणि मी असे दोघेच होतो. सहा रुग्ण. पावणेतीन वाजता दोन नंबरच्या रुखमाबाईंचे हृदय थांबले. सिस्टर आणि डॉक्टर त्यांच्या छातीवर दाब देऊ लागले. पाचच मिनिटांत पाच नंबरच्या हिरासिंगदादांचे श्वासाचे यंत्र बंद पडले. त्यांना घाटंजीकडे शेतात मण्यार साप चावला होता, स्वतःचा श्वास नव्हताच. मी यंत्राची नळी काढून हाताने श्वास द्यायचा फुगा दाबायला सुरुवात केली. दुसरे यंत्र वरच्या मजल्यावरून यायचे होते. ते आले, पण त्याची जोडणी बसेना. मी दाबत राहिलो. तिकडे रुखमाबाईंची नाडी यायची, पुन्हा जायची. काचेपलीकडून हिरासिंगदादांच्या घरच्या बसंतीबाई ओरडत होत्या, "ओ भाऊ, थांबू नको! थांबू नको!" त्या पुढे मला फुगेवाला भाऊच म्हणत. "आज फुगेवाला भाऊ नाई दिसून राह्यला?" असे साऱ्या विभागात विचारत फिरायच्या.

हे सगळे पावणेसहापर्यंत चालले. तीन, चार आणि पाच वाजताच्या नोंदी राहिल्या. बाकी चार रुग्णांच्या मॉनिटरचा आवाज आमच्या कानावर होता, तो बिघडला असता तर एक जण धावला असता. पण कानाने ऐकलेले चौकटीत लिहिता येत नाही. चार रुग्ण, तीन तास, पाच चौकटी. साठ. सिस्टरांनी साठ लाल गोल केले आणि प्रत्येक कागदाखाली लिहिले, "दोन व पाच क्रमांकाजवळ होतो."

रुखमाबाई त्या दिवशी वाचल्या. हिरासिंगदादा सोळाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेले. मला वाटते, आम्ही दोघांनी केलेली ती सर्वांत चांगली पाळी होती.

दहा दिवसांनी बाहेरची तपासणी समिती येणार होती. त्यांनी आधीच कळवले की चौदा तारखेचे कागद पाहू. आदल्या दिवशी सिस्टर साप्ताहिक सुटीवर होत्या. मला कार्यालयात बोलावणे आले.

"आडे, तुझं अक्षर छान आहे म्हणे."

मी म्हटले, "हो, सर." मला बरेसुद्धा वाटले, हे मी लपवत नाही.

"हे चार कागद नव्यानं उतरव. हे लाल-बिल नको. समितीपुढं असं रक्ताळलेलं काय ठेवायचं?"

"पण सर, यात आकडे नाहीत."

"मागचा आकडा आहे, पुढचा आहे. मधला तुला सुचत नाही? इतका काय शिकला मग?" आणि जाता जाता, "तुझा करार याच महिन्यात संपतो ना रे?"

मी नाव घेत नाही. निरोपाच्या कार्यक्रमात ते शोभत नाही, आणि पेन माझ्या हातात होता.

मी साठ चौकटी भरल्या. खूप काळजीपूर्वक भरल्या. सगळे आकडे सारखे दिसू नयेत म्हणून नाडी कुठे अठ्ठ्याऐंशी, कुठे ब्याण्णव लिहिली. शाईसुद्धा पाहून घेतली. खाली सहीच्या जागी सिस्टरांची आद्याक्षरे मीच केली. ही गोष्ट आज या सभागृहात पहिल्यांदा कळते आहे, म्हणून पुन्हा वाचतो. सिस्टरांची आद्याक्षरे मी केली.

एक गोष्ट मात्र मी पाहिली नाही. सात नंबरचा रुग्ण नेरजवळ गाडीवरून पडून आला होता. त्याला त्या गडबडीत डॉक्टरांनी परस्पर सीटी स्कॅनला पाठवले होते. चार वाजता तो तळमजल्यावर होता, आणि मी त्याचा रक्तदाब वर विभागातल्या खाटेवर मोजला होता. एकशे चोवीस, ऐंशी. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका बाईंनी सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवरची वेळ आणि माझा आकडा शेजारी शेजारी ठेवला, आणि विचारले, "ही नोंद कोणाची?"

सिस्टरांनी कागद हातात घेतला. माझे अक्षर सिस्टर अंधारातही ओळखतील. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "इन्चार्ज मी आहे. सही माझी आहे."

नंतर जिन्यात त्यांनी मला गाठले. "पेशंट खाली गेलता. तुले मालूम नव्हतं?"

"विसरलो, सिस्टर."

"विसरला नाईस. पाह्यलंच नव्हतं तुनं. मंग लिहिलं काहून?"

मी म्हटले, आत्ता जाऊन सांगतो. त्या म्हणाल्या, "गप राय. तुही नोंदणी रद्द होईन. मले राह्यले पाच महिने." आणि खाली निघून गेल्या.

सिस्टर, तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून पाहता आहात, ते मला इथून दिसते आहे. आज मी गप्प राहणार नाही. आणि राग मलाही आला आहे. तुमचासुद्धा. मला न विचारता तुम्ही माझी चूक पदरात घेतली, आणि गेले पाच महिने मी ती रोज कामावर येताना पाहतो आहे.

कारण झाले काय? समितीचा अहवाल आला. त्यात लिहिले, इन्चार्ज परिचारिकेने खोटी नोंद केली. त्याच अहवालात दोन पाने पुढे लिहिले, नोंदी पूर्ण असून परिचारिकांची संख्या पुरेशी आहे. एकाच आकड्याने बाई खोट्या ठरल्या आणि संख्या खरी ठरली. लाल गोलांची फाइल कोणी उघडलीच नाही. चौदा जानेवारीच्या कागदांवर ती दुपार झालीच नाही. कोणाचे हृदय थांबले नाही, कोणी फुगा दाबला नाही, सगळे जण दर तासाला छान होते. चार परिचारिकांची मागणी दप्तरी दाखल झाली. एकतीस वर्षे काम केलेल्या बाईंना शेवटचे पाच महिने चादरींच्या भांडारात बसवले. तिथेही त्या चादर न पाहता वहीत घेत नव्हत्या, म्हणून धोबी कंटाळला, तो भाग वेगळा. आणि निमंत्रणपत्रिकेवर छापले आहे, "प्रकृतीच्या कारणास्तव भांडार विभागात कार्यरत." त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. पत्रिकेतील ती ओळ दुरुस्त समजावी.

संगीता सिस्टर, चिठ्ठी मिळाली. आवरतो.

मी या पाच महिन्यांत तीनदा लेखी निवेदन घेऊन कार्यालयात गेलो. पहिल्यांदा सांगितले, नमुना चुकला. दुसऱ्यांदा, योग्य मार्गाने या. तिसऱ्यांदा, म्हणजे गेल्या सोमवारी, "अरे, निरोप होऊन जाऊ दे. कशाला बाईंच्या कार्यक्रमात विघ्न?" निरोप झाला की बाई या रुग्णालयाच्या राहत नाहीत आणि तो शेरा त्यांच्या सेवापुस्तकात कायमचा राहतो, एवढे मलाही कळते.

चौथे निवेदन माझ्या हातात आहे. त्याला चार मूळ कागद जोडले आहेत, लाल गोलांसकट. ते फाडायला सांगितले होते. मी फाडले नाहीत. मी शूर होतो म्हणून नव्हे, कागद फाडायची मला भीती वाटते म्हणून. निवेदनात दोनच मागण्या आहेत. सिस्टरांच्या नावावरचा शेरा काढून माझ्या नावावर घ्यावा. आणि त्या साठ चौकटी पुन्हा रिकाम्या समजाव्यात, कारण त्या रिकाम्याच होत्या.

आपण मला इथे उभे राहू दिले, माझे लांबलेले बोलणे ऐकून घेतले, याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार मानतो. बोलताना शब्द अधिक-उणा गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मी लहान आहे असे समजून पोटात घालावे. निवेदनात जे लिहिले आहे ते मात्र पोटात घालू नये.

अध्यक्ष महोदय, दुसऱ्या प्रतीवर आपली सही आणि आजची तारीख मिळावी. पोच मिळाली की मी खाली उतरतो.